निम्मी गाडी

सोमवार, ता. ४

आलो एकदाचा! बदली झाली की लोक तोंड पाडून येतात, मी शीळ घालत आलो. डेपो लहान, पण स्वच्छ आहे. विश्रांतीच्या खोलीत तीन खाटा, एक माठ आणि एक पंखा. पंख्याला दोनच वेग, बंद आणि वादळ. मला राहायला डेपोच्या मागची खोली मिळाली. खिडकीजवळची खाट आईसाठी ठेवली, उशीही नवी आणली. तिला दमा आहे, वारा लागतो.

या बदलीसाठी साहेबांच्या किती विनवण्या केल्या ते माझं मला माहीत. साथ आल्यापासून दोन गावांमधला रस्ता नाक्यावर बंद केलाय. आई पलीकडे एकटी, शेजारच्या काकूंच्या भरवशावर. नाका ओलांडणारी गाडी एकच, सकाळी जाते, दुपारी परत येते, आणि तिचा कंडक्टर आता मी! आईचा पास निघाला की दुपारच्या गाडीत तिला बसवायचं आणि घरी आणायचं. बाकी जगात काय व्हायचं ते होवो.

ड्रायव्हरमामा निवृत्तीला आलेत, शब्द मोजून वापरतात. त्यांनी आतला आरसा छताकडे वळवून ठेवलाय. मी म्हटलं, मामा, माणसं कशी दिसणार? ते म्हणाले, तू घंटी मार, मला तेवढं पुरे.

मंगळवार, ता. ५

गाडी निम्मीच भरायची असा नियम आहे. एकाआड एक सीटवर पिवळ्या रंगाची फुली मारलीय, तिथे कुणी बसायचं नाही. समजायला काय अवघड आहे? पण नाही. माणसं म्हणजे एकेक नमुने.

एक बाई रोज असतात, बँकेत आहेत. मी त्यांना मनातल्या मनात बाटलीबाई म्हणतो. फवाऱ्याची बाटली घेऊन चढतात, सीटवर फुस्स, दांड्यावर फुस्स, सुट्ट्या पैशांवर फुस्स. आज माझ्यावरही मारलं. कुणी खोकलं की गाडी थांबवा म्हणून ओरडतात.

दुसरे एक लाकडाच्या वखारीचे मालक. मास्क खिशात, रुमालासारखा. त्यांचं एकच पालुपद, काही होत नाही हो, सगळी थेरं आहेत. बाटलीबाई आणि काही-होत-नाही यांची रोज जुंपते, आणि दोघंही शेवटी माझ्याच अंगावर येतात. एकाला मी हुकूमशहा वाटतो, दुसरीला बेजबाबदार. अरे, नियम माझा नाही! मी फक्त घंटी मारतो.

वर आम्हाला पलीकडे स्टँडच्या बाहेर पाऊल टाकायची बंदी. टाकलं की थेट शाळेत, चौदा दिवस कोंडून. आईचं घर स्टँडपासून दोन गल्ल्यांवर आहे. तिथून तिच्या गच्चीची टाकी दिसते. टाकी बघून परत आलो.

बुधवार, ता. ६

डोकं उठलंय. परतीच्या गाडीला गर्दीच गर्दी, कारण मोठं हॉस्पिटल आपल्या बाजूला. साध्या सीटा संपल्या आणि एक म्हातारे गृहस्थ चढले. हातात कापडी पिशवी, त्यातून एक्स-रेचं पाकीट डोकावतंय. आज तपासणीची तारीख आहे म्हणाले. झालं, गाडीत दोन तट पडले. काही-होत-नाही म्हणाले, फुलीवर बसवा की, एकाने काय आभाळ कोसळतंय. बाटलीबाई म्हणाल्या, बसवलंत तर तक्रार करेन. निम्मे यांच्या बाजूने, निम्मे त्यांच्या. त्या पिशवीवाल्यांना कुणी काही विचारेना.

मी त्यांना खाली उतरवलं. नियम माझा नाही, असंही सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मी घंटी मारली.

आणि एवढं करून नाक्यावरच्या पोलिसाने काय म्हणावं? गाडी फुल्ल आहे! मी म्हटलं, साहेब, निम्म्या सीटा रिकाम्या आहेत, या मोजायला. तो म्हणे, संसर्ग आहे, आत येणार नाही, काचेतून दिसतंय की. हुज्जत घातली. त्याने ताकीद लिहून दिली. पुन्हा असं झालं तर गाडीच बंद. गाडी बंद झाली तर आईला काय खांद्यावर आणू?

शुक्रवार, ता. ८

पलीकडच्या स्टँडवरच्या चहावाल्याने सांगितलं, ते पिशवीवाले बुधवारी रात्रीच गेले. श्वास लागला, गाडी मिळाली नाही. चहा तसाच ठेवला.

दुपारी नाक्यावर पोलिसाने पुन्हा शिटी मारली. मी म्हटलं आता काय. तर म्हणाला, गाडी ठासून भरलीस ती भरलीस, निदान मागच्या बाकड्यावरच्या त्या पिशवीवाल्या आजोबांना मास्क तरी लावायला सांग.

मी वळून बघितलं. मागच्या बाकड्यावर फुली होती, दुसरं काही नव्हतं.

उन्हात उभा राहून त्याचं डोकं फिरलं असेल. कुणीतरी त्याला ती बातमी सांगितली असेल. नाहीतर मुद्दाम छळतोय, चिरीमिरीसाठी. हो, तेच.

शनिवार, ता. ९

मामांना विचारलं, माझ्या आधीचा कंडक्टर का गेला. म्हणाले, त्याने पण बरेच खाली ठेवले होते. एवढंच. माझं पित्त खवळलं. अहो, मग काय करायचं? वर घेतलं तर पोलीस, नाही घेतलं तर हे!

आईचा फोन. पासचं काम अडलंय, खिडकीवरचा माणूस रोज नवा कागद मागतो. मास्क लावतेस का विचारलं तर म्हणाली, आधीच दमा, त्यात नाक बांधून घेऊ? भांडलो तिच्याशी. मग तिने विचारलं, तू गाडीतून लोकांना उतरवतोस म्हणे, खरं का? चहावाल्याने गावभर केलंय वाटतं. मी म्हटलं, नियम आहे.

"दुसऱ्या कुणाला उतरवून मला बसवू नकोस हं," म्हणाली.

सोमवार, ता. ११

काही-होत-नाही आज हट्टाला पेटले. सकाळची गाडी, अर्धी रिकामी, तरी मुद्दाम जाऊन फुलीवर बसले, मला दाखवायला. मी काही बोलायच्या आत उठले. उठले म्हणजे काय, उडालेच. चेहऱ्याचा रंग उतरला होता. पँट झटकत पुढे आले आणि दारापाशी उभे राहिले, शेवटपर्यंत. मी विचारलं काय झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून काही-होत-नाही निघालं नाही. म्हणाले, तिथे जागा नाही.

मास्क लावला त्यांनी. व्यवस्थित, नाकावर.

मंगळवार, ता. १२

आज मुद्दाम बघितलं. फुलीच्या सीटांचं रेक्झिन खाली दबलंय. कुणी बसल्यावर दबतं तसं. सगळ्या नाही. ज्या दबल्यात त्या मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली, कारण मी खाली ठेवलेली माणसंही मनात मोजली जायला लागली.

लोकांच्याही लक्षात आलंय, पण बोलत कुणी नाही. सगळे खिडकीकडे अंग चोरून बसतात. परवापर्यंत नियमावरून एकमेकांच्या उरावर बसत होते!

बुधवार, ता. १३

आईचा पास निघाला! उद्याच्या दुपारच्या गाडीने येते म्हणाली. खोली झाडली. एकदा ती इकडे आली की ही ड्यूटी सोडतो, डेपोत झाडू मारायला लावा, मारीन.

आजही दोघांना खाली ठेवलं. त्यांची तोंडं बघितली नाहीत.

गुरुवार, ता. १४

काय लिहू.

आई आली. उशिरा आली, दोन गल्ल्यांत चार वेळा थांबली असेल. गाडी तोवर भरली होती. निम्मी भरली होती. मी म्हटलं, ही माझी आई आहे. पायरीवर तिला दम लागला आणि ती खोकली.

बाटलीबाई किंचाळल्या. ते ठीक, त्या किंचाळणारच. पण काही-होत-नाही! इतके दिवस ज्याने एक माणूस जास्त घ्या म्हणून माझं डोकं खाल्लं, तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा हवा. एकाने, एका माणसाने जागा दिली नाही. आणि फुलीवर तिला कसं बसवू? तिथे कसं बसवू मी तिला?

मी भांडलो. घसा बसला. मामा इंजिन चालू ठेवून समोर बघत होते.

आईच उतरली. मास्क हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "राहू दे. लोकांशी भांडू नकोस. येते मी परत."

घंटी मी मारली. माझ्या या हाताने.

आता डेपोत बसून सुचतंय. माझी सीट होती की! कंडक्टरची, पुढची, बिनफुलीची. मी उभा राहिलो असतो. इतकी साधी गोष्ट आणि मी नियमावर भांडत बसलो. गाढव, गाढव आहे मी.

शुक्रवार, ता. १५

आई स्टँडवर आली नाही. फोनवर आवाज खोल गेलाय. काल ऊन लागलं म्हणते, ताप नाही म्हणते. काकू मागून म्हणाल्या, आहे. दवाखान्याची गाडी बोलावलीय, नंबर लागलाय. किती नंबर पुढे, ते कुणी सांगत नाही.

मी स्टँडच्या फाटकापर्यंत गेलो. तिथल्या शिपायाने अडवलं. कोंडलं असतं तर आईला न्यायला गाडी घेऊन कोण आलं असतं? परत फिरलो. टाकी दिसत होती.

शनिवार, ता. १६

दिसतात.

नाक्यावर गाडी उभी होती, ऊन आत आलं होतं, आणि दिसले. फुलीवर, ताठ, समोर बघत. पिशवीवाले मागे. बुधवारचे दोघं. बाकीचे माझ्या ओळखीचे नाहीत, माझ्या आधीचे असतील. कुणी माझ्याकडे बघत नाही. रागावलेत असंही नाही. गाडी मिळाली, बसले, बस्स.

पोलीस म्हणाला फुल्ल. मी हो म्हटलं.

तो पुढे काही लिहायला लागला, मग काचेतून आत बघत राहिला, आणि कागद फाडून टाकला. जा म्हणाला. लवकर जा.

आई फोनवर फक्त हं म्हणते. सोमवारी माझ्या सीटवर बसायचंय तुला, सांगितलं. हं म्हणाली.

रविवार, ता. १७

आज गाडी नाही. कुठलीच नाही. फोन वाजतो, उचलत नाही— झोपली असेल. औषधाने झोप येते.

सोमवार, ता. १८

पलीकडच्या स्टँडवर, गाडीत बसून लिहितोय. हाताला काहीतरी काम हवं.

माझी सीट पुसली, वर रुमाल टाकलाय. सगळ्यांना सांगून टाकलं, ही सीट माझ्या आईची, तोंड उघडलं तर गाडी हलणार नाही. कुणी तोंड उघडलं नाही. आता कसे गप्प बसलेत!

सकाळपासून आईचा फोन बंद. काकूंचा लागत नाही. दवाखान्याची गाडी आली असेल, तसं असेल तर— नाही, ती म्हणाली होती येते म्हणून—

आली!

फाटकातून येतेय. एकटीच. बरी झाली, सरळ चालतेय. कुठे थांबत नाही. मास्क लावलाय, नाकावर, नीट. शिपायाने अडवलं नाही. पास बघितला नाही—

पायऱ्या चढली. दम लागला नाही.

मी म्हटलं, आई, इथे, ही बघ माझी सीट. हात पुढे केला. बाटलीबाई अगदी शेजारी आहेत, त्यांनी मान वर केली नाही, बाटली काढली नाही. मामांनी डोळे मिटलेत.

काकूंचा फोन येतोय. वाजतोय. उचलणार नाही. जोवर उचलत नाही तोवर—

आई, इथे. आई, अगं इथे बस ना. रुमाल टाकलाय—

पुढे गेली. माझ्याकडे बघितलंही नाही. मधल्या ओळीत वळतेय. तिथे नको, आई, तिथे फुली—