शेवटची वीस मिनिटं

अण्णा, हल्ली मारामारीच्या इंग्रजी पिक्चरांचे आकडे सात-आठपर्यंत जातात. एकाच माणसाचे आठ भाग. पहिल्या भागात तो घर जाळतो, दुसऱ्यात गल्ली, तिसऱ्यात गाव, आणि आठव्यापर्यंत येता येता जाळायला काही उरत नाही म्हणून वर आकाशात जातो. मी सगळे बघते. टीव्हीसमोर पाय पसरून, एकटी, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत. शेवटी कपडे कोणी शिवले, गाड्या कोणी चालवल्या त्यांचीही नावं येतात, तीसुद्धा वाचते. वाईट असला तर शिव्या घालत बघते, पण शेवट सोडत नाही. माझं मत विचाराल, आणि तुम्ही ते कधी विचारलं नाहीत, तर दुसरा भाग निघायला कारण एकच असतं: पहिल्या भागात कोणाचा तरी सूड घ्यायचा राहिलेला असतो. मेलेल्या खलनायकाचा भाऊ येतो, नाहीतर त्याची मुलगी येते. मुलगी आली की मी तिच्या बाजूने असते.

तुम्ही कंटोन्मेंटातल्या त्या साहेबी शिंप्याच्या दुकानात कापड बेतायचं काम करत होतात. साहेब गेले तरी त्यांचे कोट बंगळूरमध्ये राहिले होते, आणि दुकानात येणारी मंडळी सांगायची, मास्तर, अमक्या पिक्चरमधल्या हिरोसारखी कॉलर हवी. म्हणून तुम्हाला पिक्चर बघणं भाग होतं. थिएटरच्या मॅनेजरचे कोट तुमच्याच हातचे, त्यामुळे शनिवारच्या मॅटिनीचे दोन पास घरी यायचे. दुसरा पास माझा, कारण तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं आणि मी मिशनच्या शाळेत शिकत होते. आई गेल्यावर, म्हणजे मी अकरा वर्षांची असल्यापासून, दर शनिवारी मी तुमच्या कानाशी तोंड नेऊन अख्खा पिक्चर मराठीत सांगत बसायची. मागचे लोक चिडायचे. तुम्ही म्हणायचात, "स्वल्प हळू, पण सगळं सांग." पडद्यावर बाई रडत असली तरी तुमची नजर तिच्या नवऱ्याच्या खांद्याच्या शिवणीवर असायची. मला मात्र ते काळे-पांढरे पिक्चर आतून पकडायचे. त्यातल्या बायका टोपी घालून तोंडाला तोंड देत बोलायच्या, पुरुषांना लागलं की ते गप्प उभे राहायचे, आणि नुसतं एक दार बंद झालं तरी मी तुम्हाला पुढचं वाक्य सांगायची विसरायची. आत्ताचे आठ स्फोट एकत्र केले तरी तसं काही होत नाही.

आणि मग तुमचा तो नियम. पिक्चर संपायला वीसेक मिनिटं राहिली, संगीत जरा हळू झालं, की तुमचं कोपर माझ्या बरगडीत यायचं. "सरी, नीघ." 'बरं' म्हणायच्या जागी तुमच्या तोंडात ते कानडी 'सरी'च बसलं होतं. शेवटी ते गोरे एकमेकांच्या गळ्यात पडतात, ते मुलींनी बघायचं नसतं. तुम्ही मला बाहेर सायकल स्टँडच्या बाकावर बसवायचात आणि स्वतः आत जायचात. मी सायकलींच्या घंट्या मोजत बसायची. मग पेठेपर्यंत चालत येताना तुम्ही मला शेवट सांगायचात. मला त्या वयात कधी सुचलं नाही की ज्या माणसाला माझ्याशिवाय एक वाक्य कळत नाही, तो ती वीस मिनिटं एकटा बसून काय समजून घेतो. तुमच्या शेवटांत दारुडे दारू सोडायचे, पळालेल्या मुली घरी यायच्या, आणि गोऱ्यांच्या देशातली सगळी लग्नं थोरामोठ्यांना विचारून व्हायची. मी ते सगळं खरं धरून चालले.

तुम्हाला सगळ्यांत आवडायचा तो समुद्री लुटारू कप्तान. त्याचा पहिला भाग चांगला होता, ते मी आजही म्हणेन. दुसरा भाग म्हणजे निव्वळ उष्टं: तेच झुंबर, तोच दोर, त्याच दोराला लोंबकळून तोच माणूस त्याच जेवणाच्या टेबलावर उतरतो. नवीन एवढंच, की त्याला एक लहान मुलगी आहे असं कळतं. मी घरी येताना म्हटलं, "ह्याच्यात काही दम नाही." तुम्ही रस्त्यात थांबलात. "कोटाचे खांदे बघितलेस? पहिल्यात असे खांदे होते का?" त्यावरून आपण दोघं आठवडाभर भांडत होतो, मी फोडणी घालता घालता आणि तुम्ही पानावर बसून. ती भांडणं मला आवडायची, हे कबूल करते.

मी एकोणीस वर्षांची झाले त्या वर्षी मला मद्रासच्या शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी हॉस्टेलसुद्धा ठरवून दिलं होतं. सोमवारी निघायचं होतं. तुम्ही नको म्हणाला नाहीत. नको म्हणाला असतात तर मी भांडले असते, आणि भांडून गेले असते, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. तुम्ही माझ्या पेटीची कडी दुरुस्त करून आणलीत आणि शनिवारी म्हणालात, "चल, शेवटचा पिक्चर बघू." समुद्राकाठच्या गावातली एक मुलगी, आई नाही, बापाचं घर सांभाळते, आणि तिला दूर देशी नोकरीचं पत्र येतं. ते पत्र मी तुमच्या कानात शब्दन् शब्द सांगितलं. ती पेटी घेऊन धक्क्यावर येते, जहाजाचा भोंगा होतो, आणि तुमचं कोपर.

त्या दिवशी तुम्ही मला भाजलेल्या शेंगांची पुडी घेऊन दिलीत आणि अगदी हळू चाललात. "मग ती परत फिरली," तुम्ही सांगितलंत. "पेटी घेऊन घरी आली. बाप दारातच उभा होता. काही बोलला नाही बिचारा. तिने आत जाऊन चूल पेटवली. संपला पिक्चर." मी रात्रभर तळमळले. एवढी शहाणी बाई, एवढं फाडफाड बोलणारी, तीही परत फिरते, तर मी कोण मोठी लागून गेले? रविवारी मी पेटी रिकामी केली. सोमवारी मुख्याध्यापिका बाईंना चिठ्ठी पाठवली, आणि तुम्ही त्या दिवशी भात दोनदा मागून घेतलात.

त्यानंतर मी टायपिंग शिकले आणि एका कारखान्याच्या ऑफिसात लागले. घर, चूल, ऑफिस, तुमचा डबा, असं सगळं चाललं होतं, आणि मी काही रोज रडत बसत नव्हते. आठ-नऊ वर्षांनी तोच पिक्चर रविवारच्या मॉर्निंग शोला परत आला. ऑफिसातल्या तिघी निघाल्या होत्या, मीही गेले. कोपर मारायला कोणी नव्हतं. ती मुलगी जहाजावर चढली, अण्णा. सरळ शिडीवरून चढली. आणि तिचा बाप दारात वगैरे नव्हता, तो धक्क्यावर आला होता, आणि जहाज सुटल्यावर टोपी काढून हलवत होता, हसत हसत. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की उठताना बोटं उघडेनात. मी तुमची बाजूही घेऊन बघितली. इंग्रजी कळत नव्हतं, काहीतरी चुकीचं समजला असाल, असं स्वतःला समजावलं. पण जहाज कळायला इंग्रजी लागत नाही.

घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "कसा होता पिक्चर?" मी म्हटलं, "बरा होता." त्या दिवसापासून मी वाट बघायला लागले. तुम्हाला वाढताना, तुमचं धोतर वाळत घालताना, मनात एकच, की ह्याची भरपाई मी करून घेणार. कशी ते माहीत नव्हतं. दोन वर्षं गेली. मग लकव्याने तुमचा उजवा हात गेला, कात्रीचा हात, आणि पाठोपाठ पाय. जीभ तेवढी शाबूत राहिली. मी ऑफिसात असताना शेजारच्या अक्का तुमच्यापाशी बसायच्या. त्यांना आपलं मराठी निम्मं कळायचं आणि उरलेलं त्या चेहऱ्यावरून ओळखायच्या. आणि त्याच सुमाराला कप्तानाचा तिसरा भाग लागला. तुम्ही पेपरातली जाहिरात छातीवर ठेवून पडला होतात. म्हणालात, "तू बघून ये. सगळं सांग मला. खांदे नीट बघ."

मी शनिवारी गेले आणि शेवटपर्यंत बसले. परत येऊन तुमच्या उशाशी स्टूल ओढलं आणि सुरुवात केली. तुम्हाला आठवत असेल, मी एवढं चांगलं कधीच सांगितलं नव्हतं. कोट सांगितले, बटणं सांगितली, झुंबरही आहे म्हटल्यावर तुम्ही एका बाजूने हसलात. कप्तान म्हातारा झालाय, जखमी आहे, किल्ल्यात एकटा अडकलाय, बाहेर तोफा लागल्यात, आणि ती मुलगी, आता मोठी झालेली, समुद्रापलीकडे आहे. एवढं सांगून मी गप्प बसले.

"मग?" तुम्ही म्हणालात.

"मग काही नाही. पुढची वीस मिनिटं मुलींनी बघायची नसतात."

तुम्ही विचारलंत, "तो पेटीवालीचा पिक्चर परत आला होता का?"

"आला होता. शेवटपर्यंत बघितला."

माफी मागाल असं वाटलं होतं. मागितली नाहीत. "सरी," एवढं म्हणालात, हिशोब मान्य केल्यासारखं, आणि मग, "आता सांग. मुलगी आली का?" मी म्हटलं, "उद्या सांगते," आणि दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही चिडून विचारलंत, "तू गेली असतीस तर मी काय करायचं होतं, ते तरी सांग." मी म्हटलं, "टोपी हलवायची होती." त्यावर तुम्ही दोन घास जास्त खाल्ले नाहीत की कमी खाल्ले नाहीत. पाचव्या दिवशी अक्कासुद्धा म्हणाल्या, "सांग की गं, दिवसभर तेच विचारतात, काय जातंय तुझं?" मी सांगितलं नाही. दहाव्या दिवशी सकाळी मी चपला घालत असताना तुम्ही पुन्हा विचारलंत, आणि मी म्हटलं, संध्याकाळी. दुपारी ऑफिसात अक्कांचा निरोप आला.

लोकांना वाटलं मी बापासाठी रडते आहे. मी रागाने रडत होते, कारण तुम्ही पुन्हा एकदा मला मध्येच बाहेर काढलं होतंत.

हे पत्र मी कुठे टाकणार आहे, पाकीटसुद्धा आणलेलं नाही. तेव्हा लिहून टाकते: ती आली, अण्णा. होडी घेऊन आली, कप्तानाला पाठीवर घालून घेऊन गेली, आणि पिक्चर अगदीच टुकार असूनही मी थिएटरात हुंदके देत बसले होते. आणि आणखी एक. सूड पहिल्याच संध्याकाळी घेऊन झाला होता, तुम्ही "सरी" म्हणालात तेव्हाच. पुढचे दिवस सूड नव्हता. अक्का म्हणायच्या, पाच वाजले की तुम्ही दाराकडे डोळे लावून पडता, माझ्या चपलांचा आवाज ओळखता. माझी अशी वाट तोवर कोणी बघितली नव्हती. ते मला आवडायला लागलं होतं, म्हणून मी सांगत नव्हते.