ब्लाउजचा आतला खिसा

१२ जानेवारी
आज पुन्हा! मी मशीनवर बसलेली आणि पलीकडच्या खोलीत स्पीकर चालू. सासूबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून अख्ख्या गल्लीला ऐकवतात. रहिमतपूरला, लेकीशी. मयूरीला सहावा महिना लागलाय, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय — मग काय, सकाळ-दुपार-संध्याकाळ फोन. आज म्हणाल्या, "तू जप गं बाय. हितं आमच्या हिची कूस काय उजवत न्हाई. निदान तुझं तरी बघू दे."

मी शिवत राहिले. बाही उलटी बसली, सगळी उसवावी लागली.

आणि तो मोबाईल ठेवायला ब्लाउजला आतून खिसा कुणी शिवून दिला? मीच. डावीकडं.

२७ जानेवारी
मिरजेला, दवाखान्यात. सासूबाईंना चक्कर येत होती, ठोके मंद पडलेले. डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला. पुष्कर आईची औषधं आणायला खाली गेला आणि नेमका तेव्हाच पेसमेकर कंपनीचा माणूस आला. सगळं मलाच सांगून गेला. मोबाईल त्या जागेपासून वीतभर लांब ठेवा. ब्लाउजमध्ये नको. बोलायचं तर उजव्या कानाला लावा. बस्स, एवढंच.

पुष्कर वर आला, काय म्हणाले विचारलं. मी म्हटलं, मोबाईल कायमचा बंद. जवळसुद्धा आणायचा नाही, ठोका चुकतो.

तोंडातून कसं निघालं कळलं नाही. पण बरं वाटलं! खोटं कशाला लिहू.

३ फेब्रुवारी
सासूबाईंसमोर बसून त्यांच्या सगळ्या ब्लाउजांचे खिसे उसवले.

पुष्कर म्हणाला, लांबून स्पीकरवर तरी बोलू दे. मी म्हटलं, लहरी खोलीभर फिरतात. डॉक्टरांना विचारू का, म्हणाला. विचार की, माझ्यावर भरोसा नसेल तर! आता घरात शिरताना स्वतःचा मोबाईलसुद्धा चपलांच्या कपाटावर ठेवतो.

घर कसं शांत झालंय.

१० फेब्रुवारी
सासूबाईंना इंडक्शनची शेगडीपण बंद केली. (हे निम्मं खरं आहे. दोन हात लांब राहा, एवढंच तो कंपनीचा माणूस म्हणाला होता.) आता चहासाठी माझ्या तोंडाकडं बघतात. देते की. जरा उशिरा.

मयूरीचे फोन माझ्या मोबाईलवर येतात, मी गच्चीवर जाऊन घेते. आई झोपल्यात. आई जेवतायत. रडते — वहिनी, एकदा आवाज तरी ऐकवा. रडू दे.

२१ फेब्रुवारी
आज मुद्दाम मोबाईल हातात घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. म्हातारीनं पदर छातीशी गच्च धरला. आत नको येऊ, म्हणाली. अगंबाई, विसरलेच की! म्हटलं आणि गच्चीवर जाऊन पोट धरून हसले.

१४ मार्च
लिहवत नाही.

अस्तर आणायला गणपती पेठेत गेले होते. मोबाईल मशीनजवळच्या स्टुलावर विसरला. परत आले तर सासूबाई माझ्या खोलीत जमिनीवर. पाय घसरला होता. खुब्याचं हाड मोडलंय.

पण पडल्या होत्या स्टुलाजवळ, आणि मला सापडल्या पलीकडच्या भिंतीशी.

"हाताशी हुता गं मोबाईल. वाजत हुता सारखा. पण तू सांगितलं हुतंस न्हवं? म्हणून सरकत सरकत लांब गेले."

मोडक्या हाडानं! वाजणाऱ्या फोनपासून लांब! फोन मयूरीचे होते.

२० मार्च
ऑपरेशन झालं. वॉर्डात सगळ्यांच्या हातात मोबाईल. सासूबाई भिंतीकडं तोंड करून पडून असतात. नर्स म्हणाली, आजी, लांब असला की काही होत नाही. तर तिलाच म्हणाल्या, माझ्या सुनेला तुझ्यापरास जास्त कळतंय, तिनं सांगितलं म्हणून मी हाय.

येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगतात. पुष्करनं माझा हात हातात घेतला. मला तिथं बसवेना. उठून बाहेर गेले.

८ एप्रिल
घरी आणलंय. जेवत नाहीत. मयूरीला कवा बघीन, एवढंच. मी आज तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. खरं सांगितलं तर पुष्कर मला घरात ठेवायचा नाही. आणि का ठेवावं?

२३ एप्रिल
मयूरीला मुलगी झाली. तिनंच फोन केला. बाळ रडत होतं, जसंच्या तसं ऐकू येत होतं. मी पळत आत गेले, मोबाईल सासूबाईंच्या उजव्या कानाकडं नेला. म्हटलं, आई, नात! ऐका. काही होत नाही यानं. मी खोटं बोलले होते तुमच्याशी, पहिल्या दिवसापासून खोटं.

सासूबाई भिंतीत शिरायला बघत होत्या. दोन्ही हात छातीवर.

"पुष्कर! धाव रं! ही मारती मला!"

पुष्कर आला. माझ्या हातात मोबाईल बघितला. हिसकावून घेतला आणि बाळ रडत असतानाच बंद केला.