सांबराच्या काळजाची जागा

पौड, तालुका मुळशी
९ फेब्रुवारी १९७१

मामूजान पीरमहंमद यांना धाकटा भाचा जैनुद्दीन याचा अदबीनं सलाम. मुमानीलाही सलाम सांगावा.

इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमच्या डोळ्यांचं कसं काय? मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकला की काढू, असं डॉक्टरनं सांगितल्याचं कळलं. माणसाच्या डोळ्याची आंब्यासारखी वाट बघायची हे मला पटत नाही, पण डॉक्टर शिकलेला माणूस, त्याला कोण बोलणार. मुमानीच्या गुडघ्यासाठी बिस्मिल्लानं निरगुडीचा पाला वाळवून ठेवला आहे. (तुमच्या भाचेसुनेचं म्हणणं असं की मी तो पाठवायला विसरतो. मी विसरत नाही, मला पुडकं सापडत नाही.) हे पत्र शाहजादी तुम्हांला वाचून दाखवील. माझी ही मामेबहीण घाईची आहे, तेव्हा तिनं कंसातला मजकूर गाळला तरी माझी हरकत नाही.

आता बंदुकीची हकिगत. तुमची दुनळी माझ्याकडं सुखरूप आहे. नजर काम देईना म्हणून तुम्ही परवान्यावर माझं नाव चढवून घेतलंत आणि बंदुकीबरोबर जी चार पानी तंबी पाठवलीत, ती मी दुकानात बांगड्यांच्या कपाटाला आतून चिकटवली आहे. जनावर आडवं उभं असेल तरच बंदूक खांद्याला लावायची. पुढच्या पायाच्या लगेच मागं, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात काळीज असतं, तिथंच मारायचं. तोंड आपल्याकडं असेल तर नाही, पाठमोरं असेल तर नाही, चालत असेल तर नाही, मागं काय आहे ते दिसत नसेल तर मुळीच नाही. आणि एवढं करूनही जखमी होऊन गेलंच, तर ते सापडेपर्यंत घरी तोंड दाखवायचं नाही. मामू, मी मणियार माणूस. माझा जन्म बायकांच्या हातात काचेची बांगडी चढवण्यात गेला. हात दुखता कामा नये आणि बांगडी फुटता कामा नये. ‘जनावराला कळायच्या आत संपलं पाहिजे’ हे तुमचं म्हणणं मला वाचताक्षणी पटलं, कारण आमच्याकडंही बाईला कळायच्या आत बांगडी मनगटावर गेलेली असते.

शिकारीचा विचार माझा नव्हता. भरे गावचा कुशाबा शेतकरी (त्याच्या चारही लेकींच्या लग्नात चुडा मीच भरला) एका बाजारच्या दिवशी दुकानात आला आणि उभ्याउभ्या म्हणाला, “जैनूभाई, सांबर लई माजलंय. समदा हरभरा खाऊन चाललंय. तुमच्यापाशी मामूची बंदूक हाय, ती काय बांगड्या अडकवायला हाय व्हय?” दुकानात त्या वेळी पाच बायका होत्या. पाचही हसल्या. त्यांतल्या एकीचा हात माझ्या हातात होता, तोही हसण्यानं हलला आणि दोन बांगड्या फुटल्या. दुसऱ्या दिवशी मी जंगलखात्याच्या कचेरीत जाऊन एका नर सांबराचा परवाना काढला.

पण काळजाची जागा कागदावर कळणं वेगळं आणि जनावरावर कळणं वेगळं. खाटकाकडं चौकशीला गेलो, तर मी काही विचारायच्या आत त्यानं “पुढचं देऊ का मागचं?” म्हणून सुरी उचलली. मी गडबडून पाव शेर खिमा घेऊन परत आलो. मग हैबतरावांना विचारलं. हैबतराव म्हणजे आमचे शेजारी, वय पासष्टीच्या पुढं, मिशा कानापर्यंत. माझ्या दुकानाच्या फळीवर बसून ते वीस वर्षं वाघ मारताहेत. मी दुकान टाकलं तेव्हा तीन होते, आता अकरा झाले. (मुळशीत वाघ दिसेनासे झाले त्याला जंगलतोड कारण आहे असं लोक म्हणतात. मला वेगळा संशय आहे.) ते म्हणाले, “दोन डोळ्यांच्या मदोमद.” मी म्हटलं, सांबराच्या? तर म्हणाले, “कुणाच्याबी.”

शेवटी मी रंभाबाईची म्हैस गाठली. दुकानामागच्या पडीत ती रोज बांधलेली असते आणि अंगानं भरल्या सांबरापेक्षा फार मोठी नाही. तुमच्या पत्राबरहुकूम पुढच्या पायाच्या मागं मी पानाच्या चुन्याचा एक टिपका दिला आणि तीस पावलांवर जाऊन गुडघा टेकला. बंदूक नेली नव्हती, तेवढी अक्कल मला आहे. छत्री नेली होती. मामू, तुम्ही लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं निघालं. म्हैस आडवी असली की टिपका लख्ख दिसे. तिनं तोंड माझ्याकडं वळवलं की तो खांद्याआड जाई आणि समोर नुसतं हाड. पाठ फिरवली की नुसतं पोट. मी तिच्याभोवती फेऱ्या मारत, बसत, छत्री रोखत, एक डोळा मिटत तासभर काढला. माघ महिन्यात, स्वच्छ उन्हात, छत्री रोखून म्हशीभोवती फिरणारा माणूस रंभाबाईच्या नजरेला पडला तेव्हा तिनं केलेला कालवा पार एस.टी.च्या थांब्यापर्यंत गेला. “करणी करतुया माझ्या म्हशीवर! चुना लावलाय बघा, चुना!” त्या संध्याकाळी म्हशीनं निम्मंच दूध दिलं (रंभाबाईच्या सांगण्यावरून). मला सगळ्या आळीदेखत ती म्हैस धुवावी लागली.

तर शिकारीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सायकलवरून भऱ्याला निघालो. हैबतरावांना कुणी बोलावलं नव्हतं, ते आपण होऊन कॅरियरवर बसले आणि बंदूक त्यांनी मांडीवर घेतली. त्यामुळं वाटेत सगळ्यांनी रामराम त्यांना केला. मी सायकल हाकणारा.

फटफटायच्या सुमारास आम्ही तिघं कुशाबाच्या बांधाआड बसलो. नीट दिसू लागलं तेव्हा सांबर हरभऱ्यात उभंच होतं. कधी आलं ते कळलं नाही. मामू, केवढं ते जनावर! शिंगांवर दव होतं आणि तोंडात कुशाबाचा हरभरा. मी बंदूक उचलली, तर त्यानं तोंड नेमकं माझ्याकडं केलं. मी थांबलो. मग त्यानं पाठ केली. मी थांबलो. मग आडवं झालं, तर पलीकडं एक मादी येऊन उभी राहिली. मादी सरली, तर त्याच रेषेत कुशाबाची बायको साळूबाई तांब्या घेऊन ओढ्याकडं चाललेली. दर खेपेला कुशाबा माझ्या कानात फुसफुसे, “हाना की! घाटं संपल्यावर हानणार का?” आणि मी तुमची चार पानं मनात म्हणत गप्प बसे.

आणि इथं, मामू, घात झाला. हैबतरावांचा धीर सुटला. सांबर तिरकं होऊन चालू लागलं होतं, आणि त्यांनी (मी उजव्या बाजूला, ते डाव्या बाजूला, कुशाबा मधे थोडा मागं, असे आम्ही बसलो होतो, हे ध्यानात घ्यावं) एकदम माझ्या हातातली बंदूक ओढली आणि झाडली. मी “अहो, अहो” म्हणालो असेन. गोळी पोटात बसली. सांबरानं पाठीची कमान केली, एकदा आमच्याकडं बघितलं आणि डोंगराकडं गेलं. हैबतराव म्हणाले, मी जरा चहा घेऊन येतो, आणि जे गेले ते गेलेच.

मग तुमचा शेवटचा नियम. मी आणि कुशाबा रगत बघत निघालो. काळपट थेंब, त्यात हरभऱ्याचा चोथा. पोटात लागल्याची हीच खूण, तुम्ही लिहिलीच होती. दगडावर थेंब दिसे, गवतात हरवे, परत मागं यायचं, रांगायचं, हुंगायचं. एका ठिकाणी मी अर्धा तास लाल मुंग्यांच्या रांगेमागं गेलो. एका उतारावरून मी बसल्याजागी पंधरा हात खाली आलो, पायजम्याची बैठक वरच राहिली. त्यानंतर जी गुराखीण भेटली तिच्याकडं मी सांबराची चौकशी पाठ न वळवता केली. ऊन डोक्यावर आलं, घोटावड्याच्या बाजूचा उतार लागला, आणि एका घळीत करवंदीच्या जाळीखाली ते बसलेलं दिसलं. मान ताठ होती. उठायचा त्यानं प्रयत्न केला, पण पुढचे पाय तेवढे उभे राहिले. आडवं होतं, मामू. सकाळपासून पहिल्यांदा अगदी आडवं, मागं नुसता कातळ. मी गुडघा टेकला. पुढच्या पायाच्या मागं तो चुन्याचा टिपका मला खरोखर दिसला. तोंडानं बिस्मिल्ला म्हटलं. (घरी हाच शब्द मी हाक मारायला वापरतो आणि आतून “काय पायजे?” असं येतं. तिथं कुणी काही विचारलं नाही.) एका गोळीत मान खाली आली. त्याला कळलंही नसेल. पण त्याआधीचे सहा तास त्याला सगळं कळत होतं, ते कुठं धरायचं?

मांस भऱ्यात घरोघर वाटलं. आमच्याकडं वाटा आला तेव्हा मी पोट बिघडल्याचं सांगून खिचडी खाल्ली. बंदूक पुसून, तेल देऊन ठेवली आहे. शाहजादीला दुआ. मुमानीला पाला नक्की पाठवतो.

तुमचा आज्ञाधारक भाचा
जैनुद्दीन

ता. क. : हैबतराव सोमवारी तिकडं भोरला पाहुण्यांकडं यायचे आहेत आणि ते तुम्हांला भेटल्याशिवाय राहणार नाहीत. ते पोचायच्या आत हे पत्र तुमच्या हातात पडावं म्हणूनच घाईनं लिहिलं. ती गोळी आपली होती, हे ते स्वतःच्या तोंडानं सांगतील. तुम्ही त्यांना रागावू नये. जास्त खोलातही शिरू नये. चहा द्यावा आणि विषय बदलावा.

आणखी एक : पत्र पाकिटात घालण्याआधी बिस्मिल्लानं वाचायला मागितलं. वाचून तिनं पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि डब्यावर बसली. खरं लिहिल्याशिवाय ते टपालात पडणार नाही असं दिसतं, म्हणून हे वेगळ्या कागदावर लिहितो. शाहजादी, हे सावकाश वाच.

गोळी मी झाडली, मामू. बंदूक कुणी ओढली नाही. दुकानातल्या त्या पाच बायका डोळ्यांपुढं आल्या, कुशाबा कानाशी लागला होता, आणि सांबर निघून चाललं होतं. हैबतरावांनी नळीवर हात ठेवला होता. म्हणाले होते, “थांब, जैनू. फिरंल त्ये अजून.” मी हात झटकला आणि चाप ओढला. डोळेही मिटले होते बहुतेक.

चहाला कुणी गेलं नाही. दुसऱ्या घळीपाशी कुशाबा म्हणाला, “मरंल कुटंतरी, चला माघारी,” आणि वळला. हैबतराव वळले नाहीत. रगताचे थेंब मला दिसतच नव्हते, ते दाखवत गेले. उलटलेलं पान, मोडलेली काडी, सगळं. मी विचारलं, हे कुठं शिकलात? तेव्हा चालता चालता म्हणाले की त्यांनी जन्मात एकही गोळी झाडलेली नाही. वाघ नाही, ससासुद्धा नाही. तरणेपणी ते साहेबलोकांच्या शिकारीत हाकाऱ्याच्या कामाला जात. एका साहेबानं सांबराच्या पोटात गोळी घातली आणि जेवायची वेळ झाली म्हणून निघून गेला. “तीन दिस वरडत व्हतं रानात,” हैबतराव म्हणाले. “मला गावात ऐकू यायचं. म्हनून आलो तुज्यासंगं.”

परत आलो तेव्हा कुशाबाच्या अंगणात निम्मं भरे जमलं होतं. कुणीतरी विचारलं, पोटात कुणी घातली? मी तोंड उघडायच्या आत हैबतराव मिशीवरनं हात फिरवून म्हणाले, “माजी चुकली. वय झालं आता.” कुशाबानं मान खाली घालून घाटे सोलायला घेतले. मी काहीही बोललो नाही. तेव्हापासून पौडात लोक त्यांना वाघांबद्दल विचारतात आणि हसतात. ज्या माणसानं न मारलेले अकरा वाघ आपल्या नावावर लावले, त्यानं माझी एक गोळीही लावून घेतली, आणि मी त्यावर चार पानं खोटं लिहिलं. आज संध्याकाळी दुकानाच्या फळीवर चार माणसं जमतील तेव्हा तोंडानं सांगणार आहे. (डब्यावरून मान हलली, म्हणजे हे लिहिलेलं चाललं.)

शेवटचं, आणि पत्र खरं म्हणजे याचसाठी : त्या दिवशी डोंगरात त्यांच्या वहाणा तुटल्या आणि उरलेली वाट ते अनवाणी चालले. इथं नवीन देऊ केल्या तर घेत नाहीत. तुमच्या शेजारी तो वहाणा करणारा कारागीर आहे, त्याच्याकडून एक जोड बनवून घ्यावा आणि सोमवारी ते आले की तुमच्या हातानं घालावा. वडीलधाऱ्या माणसाला ते नाही म्हणणार नाहीत. माप या कागदाच्या मागं आहे. फळीवर त्यांना डुलकी लागली असताना मी पेन्सिलीनं पायाभोवती रेघ काढली. अंगठ्यापाशी रेघ फुगली आहे ती कारागिरानं तशी धरू नये. तिथं करवंदीचा काटा आहे, बिस्मिल्ला आज सुईनं काढणार आहे. पाय मूळचा सरळ आहे.