श्रियाला अजून सांगितलेलं नाही

६ एप्रिल

तेरावा झाला. पाहुणे गेले. आनंदची बहीण, सरोजताई, जाताना दारात चपला घालत म्हणाल्या, "पोरीला कधी कळवणार?"

म्हटलं, तिचा निकाल लागला की.

"धन्य आहे तुझी. मुलगी अख्ख्या अमेरिकेचा इतिहास लिहिते आणि स्वतःचा बाप गेला ते तिला ठाऊक नाही."

मी आत गेले. पातेली घासायची होती.

७ एप्रिल

का कळवलं नाही ते एकदा लिहून ठेवते.

श्रिया तिथल्या विद्यापीठात शिकवायला लागून सहा वर्षं होत आली. आता तिचं पुस्तक, तिचं शिकवणं, सगळं तपासून ठरवणार — कायम करायचं की नाही. नाही म्हणाले तर वर्षभरात नोकरी सोडायची. म्हणजे देशही. व्हिसाचे कागद मध्येच अडकलेत. बाहेर पडलीस तर परत आत घेतील याची खात्री नाही, असं वकिलाने तिला सांगितलंय.

आयसीयूत आनंद म्हणाला होता, "तिला आत्ता नको कळवूस. धावत येईल वेडी."

तो आजारपणाबद्दल बोलत होता. पुढचं मीच ठरवलं.

८ एप्रिल

सकाळी फोन. तिकडे रात्र.

"बाबा?" — झोपलेत. घसा बसलाय अजून.

"जेवले काय?" — मुगाची खिचडी. वर तूप मागून घेतलं.

सगळं आपोआप तोंडातून बाहेर आलं. नंतर वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. खिचडीच केली मग.

११ एप्रिल

कपाट उघडलं. बंद केलं.

१५ एप्रिल

ठाण्याच्या कॉन्व्हेंटात भूगोलाच्या सिस्टर अमेरिकेचा मोठा नकाशा फळ्यावर टांगायच्या. संस्थानांची नावं आम्ही प्रार्थनेसारखी एका सुरात म्हणायचो. पुढे श्रियाला भरवताना मी तीच म्हणायचे. ओहायो — घास. आयोवा — घास. हे खूळ तिच्या डोक्यात माझ्यामुळेच शिरलं, असं आनंद सगळ्यांना सांगायचा.

एम.ए. झाल्यावर दोन वर्षं कल्याणच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर होती. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, पेशवाई घ्या. अमेरिकेला इतिहास असतोच किती?" घरी येऊन तिने त्यांची नक्कल केली. आनंद हसून हसून खोकला. मग गंभीर होऊन म्हणाला, "राज्य जुनं असो की नवं, माणसं घरात राहतातच ना? तू घरांचं लिही."

तिने घरांचंच लिहिलं.

२० एप्रिल

तिचं पुस्तक काढलं. मुलं नोकरीसाठी लांब लांब गेली तेव्हा अमेरिकेतली कुटुंबं फोनवर कशी जगली, त्याचं आहे. रविवारी दर कमी, म्हणून रविवारचा फोन. आजोबा, आई, धाकटी बहीण — सगळे रांगेत उभे. तिने कितीतरी म्हाताऱ्यांकडे जाऊन विचारलं, फोनवर तुम्ही काय सांगायचा नाहीत?

ओहायोच्या एका बाईने सांगितलंय — माझं ऑपरेशन झालं ते मुलाला कळवलं नाही, त्याची परीक्षा होती.

श्रियाने हे पान आम्हाला जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं होतं. मी म्हटलं होतं, म्हणजे आपल्यासारखंच की गं.

पुढे वाचवेना. ठेवून दिलं.

२७ एप्रिल

केदार आला, माजिवड्याहून. आनंदचा पुतण्या. सगळे विधी त्यानेच केले. हापूसची पेटी आणली.

"काकू, चल ना माझ्याकडे थोडे दिवस."

"तुझ्या तेविसाव्या मजल्यावर मला गरगरतं."

"मग खाली वॉचमनच्या केबिनमध्ये राहा. पण चल."

आंबे पेपरवर मांडून झाले तसा हळूच म्हणाला, "काकू, श्रियाला सांगून टाकू या का?"

मी ओरडले त्याच्यावर. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझा आवाज चढला. तिची सहा वर्षं पाण्यात घालू? इथे येऊन ती काय करणार आता? माणूस तर गेला.

त्याने रिकामी पेटी दाराशी नेऊन ठेवली. "बरं," म्हणाला.

३ मे

श्रिया आता बाबांना फोन दे म्हणत नाही. बरं झालं. नुसतं विचारते — काय जेवले, काय म्हणाले, फिरायला कुठवर गेले. आज सांगितलं, हापूसला नावं ठेवली, रायवळची सर नाही म्हणाले. ती हसली. मीही हसले. हसण्याचा आवाज आला, एवढंच.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तासभर बोलत होते.

४ मे

विसरले होते, त्याला रायवळ आवडायचा नाही. दोरे दातात अडकतात म्हणायचा. श्रियाने चूक पकडली नाही.

१० मे

"नाही झालं तर गं?" मी विचारलं.

"तर डोंबिवलीला येईन. कल्याणला पुन्हा तासिका तत्त्वावर."

"बाबांना काय सांगू?"

म्हणाली, "सांग, घरांचं लिहून झालं."

१५ मे

कायम झाली! सकाळी मेसेज आला. तीन वेळा वाचला. पेढे आणायला हवेत. कुणासाठी, ते सुचेना.

उद्या सांगायचं. केदार येऊन बसणार आहे जवळ. वाक्य जुळवते आहे. कुठल्याही शब्दापासून सुरू केलं तरी तिथेच येतं.

१६ मे

सांगितलं.

ती म्हणाली, "आई, मला माहीत आहे."

आनंद गेला त्याच सकाळी केदारने तिला कळवलं होतं. व्हिडिओ लावून फोन हॉलमधल्या शोकेसमध्ये टेकवून ठेवला होता. बाबांना उचलेपर्यंत ती तिथून बघत होती. "तू दाराला धरून उभी होतीस. मी सगळा वेळ तुझ्याकडेच बघत होते."

मी केदारकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"मग रोज का विचारायचीस गं, काय जेवले म्हणून?"

"ते सांगताना तुझा आवाज पहिल्यासारखा यायचा."