दुसऱ्या वळणावरचं पिवळं निशाण

मी, ऑर्व्हल टी. हचेन्स, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार केन ब्रँच रस्ता, हॅरो गॅप, नॉर्थ कॅरोलायना, आज पूर्ण शुद्धीवर आहे, चष्मा नवा आहे, आणि कोणाच्या धाकाने वा लाडीगोडीने नव्हे, तर माझ्या मर्जीने हे लिहून ठेवीत आहे. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी रॉयस टटलला भाऊ म्हटलं होतं.

वकील प्रूइटबाईंनी छापून दिलेला मसुदा बिनचूक होता, पण त्यात मी कुठे सापडेना. म्हणून कलमं त्यांची ठेवून मजकूर माझ्या हाताने लिहितो.

कलम १. राहतं घर, मागची सव्वादोन एकर जागा आणि गोठा माझी मुलगी डार्ला हिला द्यावा. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो. तो मी बसवला आहे. डार्ला, तो सरळ करून घेऊ नकोस. तुझ्या आईच्या हाताला त्याचीच सवय होती.

कलम २. बँकेतली शिल्लक अर्धी डार्लाला, अर्धी हॅरो गॅपच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाला. ही माणसं दर शनिवारी मोटारींच्या शर्यतीच्या मैदानात नळी धरून फुकट उभी राहिली, आणि कोण जिंकलं हे त्यांना धुळीत कधी धड दिसलं नाही.

कलम ३. इंजिन उचलायची साखळी-पुली शेजारी ग्रेडीकडे आहे. २०११ साली दोन दिवसांसाठी म्हणून नेली. ती त्याचीच समजावी. भेटला की तो स्वतःहून म्हणतो, "अजून दिली नाही बरं का." एवढा खरेपणा मला पुरे आहे.

कलम ४. लाल हत्यारपेटी, सगळे पाने, आणि नट किती आवळला ते मोजणारा, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला टॉर्क पाना मेव्हिस एलर हिला द्यावा. मेव्हिस शाळेची बस चालवते. गेली पंधरा वर्षं मैदानात चौथ्या वळणापाशी, प्रेक्षकांच्या सगळ्यात वरच्या फळीवर आम्ही तिघं बसत आलो: मी, रॉयस आणि ती. मध्ये उकडलेल्या शेंगांची पिशवी. वाद एकच, टीव्हीवरच्या मोठ्या शर्यती बिघडल्या की नाही.

रॉयस म्हणायचा, "आता शर्यत कसली, तमाशा आहे. मध्येच थांबवतात, गुण वाटतात, गाड्या एकाच साच्यातून काढतात. अन् कोणी जरा पुढे निघाला की दाखव पिवळं निशाण. रस्त्यात काय पडलं होतं विचारा, तर कोणालाच दिसलेलं नसतं."

"तुमच्या वेळी सगळे साधुसंत होते वाटतं, रॉयसकाका?"

"आमच्या वेळी निशाण खोटं बोलत नव्हतं, पोरी."

तो आपल्या मैदानावर निशाणवालाच होता, तीस वर्षं. दर वेळी मी मान डोलावली. मेव्हिसने कधी डोलावली नाही, म्हणून पेटी तिला.

कलम ५. गोठ्यातली ३८ क्रमांकाची गाडी. ती मी बांधली आणि माझा धाकटा भाऊ वेंडेल चालवायचा. २९ सप्टेंबर १९८४, हंगामाची शेवटची शर्यत, शंभर फेऱ्या, आपली लाल माती. चार फेऱ्या उरल्या होत्या आणि वेंडेल अर्धं मैदान पुढे होता. तेवढ्यात रॉयसने मचाणावरून पिवळं निशाण काढलं. पिवळं निघालं की सगळ्यांनी वेग तोडायचा, एकामागे एक रांग लावायची. पुढच्याने कमावलेलं अंतर तिथेच मातीत जातं. पुन्हा हिरवं झालं आणि शेवटच्या वळणावर मागच्याने आतून गाडी काढून शर्यत मारली.

रॉयस म्हणाला, दुसऱ्या वळणावर लोखंडी पट्टी पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चच्या कपड्यांतच वेंडेल ते वळण पायांनी तपासत फिरला. मी मागे मागे. दोघांचे बूट लाल झाले.

"दादा, इथे काही नव्हतं रे."

"रॉयस खोटं बोलत नाही," मी म्हणालो. "हरायला शीक."

तो पुन्हा त्या गाडीत बसला नाही. फर्निचरच्या कारखान्यात लागला. रविवारी माझ्याकडे घेवड्याच्या बिया आणि मक्याचा पाव खायला यायचा. पावसाबद्दल बोलायचा, कुत्र्यांबद्दल बोलायचा, शर्यतीचं नाव काढायचा नाही. मी समजलो, रुसलाय. २००९ साली तो गेला.

कलम ६. या कलमात काही द्यायचं नाही. फक्त नोंद ठेवायची आहे.

यंदाच्या मार्चमध्ये व्होंडाच्या खानावळीत आम्ही तिघं टीव्हीवर शर्यत बघत होतो. शेवटी शेवटी पिवळं निशाण निघालं. मेव्हिस म्हणाली, "घ्या, पडलं आभाळातून काहीतरी." रॉयस त्या दिवशी रंगात होता. कॉफी ढवळत म्हणाला, "अगं, पब्लिक उठून चाललं की करावं लागतं. मीपण केलंय एकदा."

"कधी?"

"चौऱ्याऐंशीला, शेवटच्या शनिवारी. मैदानाच्या मालकाने फाटकापाशी माझ्याकडे बघून टोपी काढली. मी काय समजायचं ते समजलो."

मग शेजारी कोण बसलंय हे त्याच्या ध्यानात आलं. चमचा खाली ठेवला.

"ऑर्व्हल, चाळीस वर्षं झाली रे."

"पट्टी?" मी विचारलं.

"पट्टी नव्हती."

कुंपणानेच शेत खाल्लं, आणि मी जन्मभर कुंपणाची तारीफ करीत बसलो. तो मालक मेला, त्याच्यावर माझा राग नाही. तो धंदा करीत होता. रॉयस माझ्या लग्नात माझ्या बाजूला उभा होता. वेंडेलला पुरताना त्याने खांदा दिला, तेव्हाही त्याला ठाऊक होतं. शर्यत त्याने घेतली. भाऊ मात्र मी स्वतः घालवला, त्याच्या शब्दावर.

कलम ७. रॉयस १९९८ साली निवृत्त झाला तेव्हा ते पिवळं निशाण त्याने मला भेट दिलं. ते बैठकीतल्या शेकोटीवरच्या फळीवर काचेत आहे. डार्लाने ते चौकटीतून काढावं आणि त्याच निशाणाने ३८ चा पत्रा पुसावा, मग फेकून द्यावं. गाडी डार्लाची. पण माझ्यानंतरच्या पहिल्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी, शर्यतींआधी, मेव्हिसने ती रिकाम्या मैदानात चार फेऱ्या चालवावी. चारच. मैदानाच्या सध्याच्या मालकाने होकार दिला आहे. फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत हिरवं निशाण वर राहावं, मधे काहीही पडो.

कलम ८. रॉयस टटलला मी काहीही ठेवत नाही. प्रूइटबाई सांगतात, साक्षीदाराला काही मिळता कामा नये, नाहीतर त्याचा वाटा बाद होतो. म्हणजे हात रिकामे ठेवून मी त्याला साक्षीला लायक केलं आहे. त्याने कलम पाच आणि सहा स्वतः वाचावं, आणि खरं असेल तर सही करावी. नाही केली तर बाईंची कारकून करील, काम अडणार नाही. मग त्याने माझ्या दफनाला येऊ नये. केली, तर शवपेटी उचलायला डाव्या बाजूला, मागे, त्याची जागा आहे. ती देणगी धरू नये. ते ओझं आहे.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ऑर्व्हल टी. हचेन्स
हॅरो गॅप, गुरुवार, १७ ऑक्टोबर २०२४

साक्षीदार पहिली: व्होंडा सिगमन, खानावळवाली. (सही)

साक्षीदार दुसरा: रॉयस एल. टटल. (सही)
खाली त्याच्याच अक्षरात: कलम पाच आणि सहा वाचलं. पट्टी नव्हती. वेंडेल पुढे होता.