दांड्यांमागची बाय

३ ऑक्टोबर
वरच्या खोलीत संजीवने आयर्लंडची मुलगी आणून ठेवली. इथल्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, शिकते. आमच्या या परदेशातल्या पेंडल हिलला सध्या गॅरेजमध्येसुद्धा विद्यार्थी झोपतात, मग आपलीच खोली का रिकामी — असं चिरंजीव म्हणतात. नाव नीव. स्पेलिंगमध्ये 'व' कुठेच नाही म्हणे. मी चौथी शिकलेली, मला काय फरक! मी बाय म्हणते. आमच्या रेवदंड्याला कुठल्याही पोरीला बायच म्हणतात.

६ ऑक्टोबर
पोरीची बोटं बघितली. आल्याचा गड्डा बरा! क्रिकेटमध्ये दांड्यांमागे उभी राहते. आयर्लंडकडून अकरा मॅच खेळली, मग बोट मोडलं, दोन वर्षं कुणी विचारलं नाही. इथल्या क्लबात खेळून पुन्हा त्यांच्या टीममध्ये घुसायचंय. हळद-तेल चोळून दिलं. वास आवडला नाही, पण चोळून घेतलं. गुणी आहे.

१२ ऑक्टोबर
नातीबरोबर, तनयाबरोबर, मॅचला गेले. काय मजा! सारख्या हाका मारत होते — बाय गं, बाय! ती वळून बघेल तर शप्पथ. घरी आली ती फुगूनच.

तनया हसून हसून लोळली. "आजी, बाय म्हणजे बॉल तिच्या हातून सुटला आणि रन गेली. दॅट्स लाइक हर वर्स्ट थिंग!"

म्हणजे मी दिवसभर बोंबलून पोरीची चूक जगाला सांगत होते! तनयाने तिला समजावलं, तेव्हा खुदकन हसली.

१७ ऑक्टोबर
रविवारी आयर्लंडची टीम निवडणारी बाई मॅचला येणार. त्यानंतर यादी ठरणार. एवढी एकच संधी. पोरगी जेवेना. संजीवने मला बजावलंय, आई, तोंड उघडायचं नाही. बरं.

१९ ऑक्टोबर
तोंडात सुपारी धरून बसले होते. शेवटची ओव्हर. समोरच्यांना तीन रन हव्यात, विकेट एकच शिल्लक. बॉल बॅटला चुकला, पोरीने डावीकडे झेप घेतली — आणि माझ्या तोंडून निसटलंच, बाय! बॅटवालीला वाटलं, बॉल सुटला. पळाली! बॉल तर हिच्या हातात. पडल्या पडल्या फेकला, दांड्या उडाल्या. आउट! मी बाकावर चढून नाचले, दोन्ही गुडघ्यांसकट.

मग ही बया कॅप्टनशी बोलली, अंपायरशी बोलली, माझ्याकडे बोट दाखवलं, आणि बॅटवालीला परत बोलावलं. पुढच्याच बॉलला चौकार. हरलो.

गाडीत मी विचारलं, हातात आलेली विकेट सोडलीस कशाला, मूर्खे?

"दॅट वॉज युअर विकेट, आजी. आय वॉन्ट माय ओन."

अर्थ विचारायची गरज पडली नाही. पण राग आहेच.

२४ ऑक्टोबर
निवडीचं अजून काही कळलं नाही. तिच्या फोनकडे तिच्यापेक्षा मीच जास्त बघते.

३० ऑक्टोबर
निवड झाली. पहिली मॅच मुंबईत, भारताबरोबर. संजीव विचारतो, आई, तू कुणाच्या बाजूने? म्हटलं, हा काय प्रश्न झाला!

त्याला वाटलं, भारताच्या. वाटू दे.