चार प्लग, एकसारखी चूक

सात महिन्यांपूर्वी एका बुधवारी सकाळी मी डॉक्टरांच्या गाडीचे चारही स्पार्क प्लग काढले आणि धुतलेल्या फडक्यावर एका ओळीत मांडले. हे मृत्युपत्र खरे तर त्याच दिवशी लिहायला हवे होते. आज लिहीत आहे.

मी, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा मोटार दुरुस्ती, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, देवाला स्मरून आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. मृत्युपत्रात डोळ्यांविषयी लिहिण्याची पद्धत नाही. पण माझ्या डोळ्यांविषयी दोन वर्षे बरेच बोलले गेले, म्हणून तेही शाबूत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. मला आजार नाही. मात्र जो माणूस रोज जॅकवर चढवलेल्या गाडीखाली पाठ टेकतो, त्याने कागद तयार ठेवावेत.

कलम एक. माझे आधीचे मृत्युपत्र, ज्यात गॅरेज धाकट्या भावाच्या नावे होते, ते मी रद्द करतो. हयातीतच गॅरेज त्याला देण्यासाठी केलेले बक्षीसपत्र सही न करताच फाडले आहे.

कलम दोन. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेत जे असेल ते माझ्या बायकोचे. आईची खोली आई आहे तोवर आईची. खिडकीजवळची तिची खाट कोणीही हलवू नये. खाट हलवली की तिला रात्रभर झोप लागत नाही आणि मग ती कोणालाच झोपू देत नाही.

कलम तीन. गॅरेज, लिफ्ट आणि कॉम्प्रेसरसह, बायकोचे. तिने ते चालवायला द्यावे किंवा विकावे, तिची मर्जी. फक्त माझ्या भावाला देऊ नये. याचे कारण लिहिले नाही तर लोक म्हणतील, बायकोच्या कह्यात गेला आणि सख्ख्या भावाला तोडले. म्हणून लिहितो.

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. काम त्याला मीच शिकवले. टर्बोच्या गाड्या आल्या तेव्हा प्लगची गोष्ट त्याच्या डोक्यात बसावी म्हणून पेटता दिवा त्याच्या हातात देऊन त्याला पंख्यासमोर उभे केले होते. टर्बो इंजिनात हवा कोंबून भरतो. प्लगच्या दोन टोकांमधले अंतर जास्त असेल तर त्या दाबापुढे ठिणगी टिकत नाही. साधी गाडी ज्या अंतरावर खुशाल पळते, त्या अंतरावर टर्बोची गाडी जागेवर ठीक चालते, पण चढावर जोर मागितला की गचके खाते.

दोन वर्षांपासून माझ्या हातच्या टर्बोच्या गाड्या अशाच गचके खात परत येऊ लागल्या. साध्या गाड्या येत नसत. परत आलेली गाडी भाऊच उघडत असे, एक प्लग काढून माझ्यापुढे धरी आणि हळू आवाजात म्हणे की दादा, अंतर जरा जास्तच राहिलंय. मी अंतर मोजायचे गेज लावून बघे. जास्तच असे. मग तो दहा मिनिटांत गाडी ठीक करून देई. गिऱ्हाईक त्याला बाजूला घेऊन विचारी की दादांचे डोळे गेले का. तो नुसता मान खाली घाली. नाही म्हणत नसे.

मी चष्मा केला. चष्मेवाल्यांनी सांगितले की नंबर फक्त वाचायचा आहे, हातातले काम तुम्हाला नीट दिसते. मला वाटले, माझे मन राखायला बोलत आहेत. मग मीच प्लग बसवून दिलेली शाळेतल्या बाईंची टर्बोची गाडी घाटात ट्रकच्या पुढे जाताना ऐन वेळी दमली. समोरून बस आली. बाईंनी गाडी रस्त्याखाली घातली म्हणून जीव वाचला, पण डाव्या हाताच्या हाडाला धातूची पट्टी बसली आणि मागे बसलेला त्यांचा मुलगा आजही गाडीत बसायला घाबरतो. मी त्यांच्या घरी जाऊन हात जोडले. माझे डोळे गेले, मला माफ करा, असे माझ्या तोंडाने म्हणालो. त्यांनी माफही केले आणि वर चहा दिला. घरी येऊन मी प्लगचे काम सोडायचे ठरवले आणि बक्षीसपत्र करायला टाकले.

डॉक्टरांची गाडी हे प्लगचे माझे शेवटचे काम ठरणार होते. ती दुसऱ्याच सकाळी परत आली. भाऊ सुटे भाग आणायला गेला होता, म्हणून पहिल्यांदाच परत आलेली गाडी मी स्वतः उघडली आणि चारही प्लग एकत्र पाहिले. मी अंतर पॉइंट पासष्ट मिलिमीटर ठेवले होते. चारही पॉइंट नव्वद होते. तसूभर कमी नाही, तसूभर जास्त नाही. डोळे अधू झालेला माणूस चार ठिकाणी चार तऱ्हेच्या चुका करतो. इतकी नीट, एकसारखी चूक करायला तयार हात लागतो, आणि तो हात मीच तयार केला होता. गाडी देण्याआधी फेरी मारून आणायचे काम त्याचेच होते, तेव्हा प्लग त्याच्या एकट्याच्या हाती असत.

तो आल्यावर मी फडके दाखवले. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाला, "दादा, तू आपणहून कधी सोडलंच नसतंस. बेचाळीस वर्षांचा झालो मी. अजून गिऱ्हाईक माझ्या तोंडावर विचारतं, दादा आहेत का?"

मी म्हणालो, "मागितलं असतंस तर दिलं असतं."

"मागून मिळालेलं तुझंच राहिलं असतं."

बाईंचे काय, असे विचारले तेव्हा मात्र तो खाली बघू लागला. म्हणाला की इतकं होईल असं वाटलं नव्हतं.

आईला सांगितले. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तू मोठा आहेस. पोटात घाल." वडील गेल्यापासून पुष्कळ गोष्टी पोटात घातल्या होत्या, तशीच हीही घातली. भाऊ तेव्हापासून गॅरेजात येत नाही, त्याने चौकात स्वतःचे दुकान टाकले. तिथे गर्दी असते. माझे डोळे गेले ही गोष्ट त्याच्याआधी तिथे पोहोचली होती.

कलम चार. प्लगचे तारेचे गेज जो गॅरेज घेईल त्याला, पुढील सूचनांसह. टर्बोच्या गाडीला कंपनीने सांगितलेल्या जातीचाच प्लग घ्यावा. इंजिनाची ताकद कोणी वाढवून घेतली असेल तर एक पायरी थंड, म्हणजे टोकाची उष्णता लवकर खाली सोडणारा. गरम प्लग टाकला की पिस्टनला भोक पडते. अंतर नेमून आलेले असते असे खोक्यावर छापतात. ते वाचावे आणि तरी मोजावे. वाटेत खोके कोणाकोणाच्या हातून पडले ते छापलेले नसते. बारीक टोकाच्या प्लगवर नाण्यासारखे गोल गेज रेटू नये, टोक तुटते. वाकवायची ती वरची पट्टी, मधल्या टोकाला हात लावू नये. चौथा प्लग पहिल्याइतक्याच सावकाश मोजावा. मी सुरुवातीला देवाचे नाव घेतो. ते ज्याच्या त्याच्यावर.

कलम पाच. माझा चष्मा भावाला द्यावा. तो त्याच्यामुळेच केला होता. बाकी माझ्या वस्तूंपैकी त्याला काही नाही. मला खांदा द्यायला तो आला तर अडवू नये. नाही आला तर बोलावू नये.

कलम सहा. सात महिने मला झोप नीट लागली नाही ती भावामुळे, असे मी समजत होतो. गेल्या आठवड्यात चौकातून जाताना बाईंची गाडी त्याच्या दुकानात उभी दिसली. दादांच्या डोळ्यांवर भरवसा नको म्हणून त्या त्याच्याकडे गेल्या होत्या. मला खरे माहीत असून मी त्यांना तिथे जाऊ दिले होते.

घडले ते सर्व मी दोन पानांवर लिहिले, भावाचे नाव आणि माझे नाव घालून, खाली सही करून. आईला आधी सांगितले. तिने अडवले नाही, पुन्हा भिंतीकडे तोंड केले. काल दुपारी पाने घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी दारातच उभ्याने वाचली, दोनदा.

मग विचारले, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"सात महिने झाले."

"म्हणजे माझा मुलगा आजही त्या गाडीत बसत नाही, आणि इतके दिवस तुम्ही घरातलं घरात ठेवलंत." त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी विचारले की हा कागद पोलिसांना दिला तर चालेल का.

मी म्हणालो, त्यासाठीच आणलाय, आणि कागद त्यांच्याकडे ठेवून आलो.

वरील सर्व मजकूर माझ्याच हाताने लिहिलेला आहे आणि वाचून पाहून सही केली आहे.

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार :
१. चष्मेवाले, ज्यांनी डोळ्यांचा दाखला दिला (सही)
२. गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करणारे शेजारचे डेंटर, ज्यांना मजकूर वाचून दाखवला आणि ज्यांनी चष्म्याचे कलम काढून टाका म्हणून दोनदा सांगून पाहिले (सही)

ठिकाण : राहत्या घराची पुढची खोली
तारीख : ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजता